पाचव्या रिळातली वच्छी

सोमवारी मॅटिनी सुटल्यावर महिपती प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये वर आला, तेव्हाच मला कळायला हवं होतं. लोखंडी जिना त्याच्या गुडघ्यांना सोसत नाही, त्यामुळे तो वर येतच नाही. काही लागलं तर खालनं बोंब मारतो. महिपती म्हणजे आमचा डोअरकीपर. सांगोल्याकडचा, माझ्याच गावचा. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात दुष्काळी कामाला आम्ही दोघांनी एकाच तलावावर खडी फोडली, आणि पुढं सोलापुरात येऊन एकाच टॉकीजला चिकटलो. तो दाराला धरून धापा टाकत उभा राहिला. मी रीळ उलटं गुंडाळत होतो. त्यानं विचारलं, पाचवं रीळ कधी बघितलंयस का. मी म्हटलं, मी कुठलंच रीळ बघत नसतो, माहीत आहे की तुला. खरंच बघत नाही. लोकांना वाटतं ऑपरेटरची मजा आहे, फुकट पिक्चर. कसली मजा राव? आमचं लक्ष मशीनच्या दिव्यातल्या कार्बनच्या जाळावर, आणि रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातल्या टिपक्यावर. पहिला टिपका आला की दुसरं मशीन चालू करायचं, दुसरा आला की बदलायचं. मधे पडद्यावर नाच असो नाहीतर मारामारी, आम्हाला सारखंच. चार वर्षं मी हे करतोय. हे बघण्याचं काम नाहीच, न बघण्याचं आहे, आणि त्यात माझा हात कुणी धरणार नाही.

"पाचव्यात तुजी वच्छी हाय," महिपती म्हणाला.

एवढं बोलून तो जिना उतरून गेला. थांबला नाही, माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी रीळ गुंडाळत राहिलो. हात आपोआप चालतो. दुसरा ऑपरेटर मेहुण्याच्या लग्नाला गेलेला, त्यामुळे शुक्रवारपासून सगळे खेळ मीच चालवत होतो. शुक्रवारी चार, शनिवारी चार, रविवारी चार आणि आजची मॅटिनी. तेरा वेळा. तेरा वेळा मी माझ्या हातानं पाचवं रीळ चढवलं आणि कार्बनकडं बघत बसलो.

पिक्चर परदेशी होता. हरवलेल्या चार कॅमेरावाल्यांची रिळं कुठंतरी सापडली, ती जशीच्या तशी जोडली, अशी त्याची जाहिरात. त्यात जनावरं कापत होते, माणसं जळत होती, कुठल्या कुठल्या मुलखातली मढी दाखवत होते. आमचे मॅनेजर गुरुसिद्धप्पा म्हणजे या धंद्यात मुरलेला माणूस. त्यांनी पोस्टरवर लाल अक्षरात लिहून घेतलं, ‘खरं मरण, खऱ्या डोळ्यांनी. कमजोर काळजाच्यांनी येऊ नये.’ वर ओळखीचा एक कंपाउंडर पांढरा कोट घालून स्ट्रेचरसकट दाराशी बसवला. झालं! गिरणीची पाळी सुटली की पोरं नुसती तुटून पडत. कॉलेजची पोरं बाहेर येऊन म्हणायची, सगळं टोमॅटोचं सॉस आहे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायची. बायकांच्या कुठल्याशा मंडळानं कलेक्टर कचेरीत अर्ज दिला होता, असलं काही दाखवू नका म्हणून. अण्णांना, म्हणजे गुरुसिद्धप्पांना, त्याचा आनंदच झाला. अर्जाची बातमी पेपरात आल्यावर गर्दी आणखी वाढली.

तीनच्या खेळाला मी पाचवं रीळ चढवलं आणि केबिनच्या भिंतीतल्या भोकाला डोळा लावला. आधी बराच वेळ काहीच नाही. एक रेडा कापला, लोकांनी हुश्श केलं. मग पांढरं ऊन आलं. ते ऊन मला ओळखीचं होतं. तलावाचा बांध. खडीचे ढीग. पाट्या घेतलेल्या बायका. त्यावर एका गोऱ्याचा नुसता आवाज इंग्रजीत काहीतरी सांगत होता आणि मागं ढोल वाजत होते. आमच्या तलावावर कुणी कधी ढोल वाजवला नाही. मग धुळीचा लोट उठला आणि बायका पळायला लागल्या. एक मागं वळली. हिरवं लुगडं, गुडघ्यापर्यंत खोचलेलं. पाटी घ्यायला वळली ती. पाटी हरवली की मुकादम हजेरी कापायचा. वरनं दगड आले. कॅमेरा पळाला नाही, उलट चालत चालत जवळ गेला, अगदी सावकाश, आणि दगडांच्या बाहेर राहिलेल्या तोंडावर जाऊन थांबला. वच्छीचं तोंड. कपाळावरचं गोंदण, वरचा पुढं आलेला दात, सगळं पलंगाएवढं मोठं. तिचे ओठ हलत होते. ढोलांच्या आवाजात ती काहीतरी बोलत होती. खालच्या वर्गातनं कुणीतरी शिट्टी मारली. मग एकदम दुसरंच काहीतरी आलं, जंगल का नदी, मला दिसलं नाही. टिपका आला तेव्हा मी मशीन बदललं. ते मात्र केलं. स्वतःची बहीण मरताना बघितली तरी खेळ चुकवला नाही मी, कसला इमानी नोकर!

वच्छी पंधराची होती. अठराच्या आतल्याला कामावर घेत नसत. आमच्या घरात मी आणि आई रंभाबाई, दोघांची नावं मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, होती, आणि मे महिन्यात आई तापानं पडली. हजेरी चुकली की नाव काढायचे आणि जागा दुसऱ्याला जायची, बाहेर माणसं टपलेलीच होती. तेव्हा मी मुकादमाला गाठून म्हटलं, आईच्या नावावर बहिणीला आणतो, चालेल का. चालतंय की, तो म्हणाला, सगळेच आणत्यात. आणि खरंच सगळेच आणत होते; म्हातारीच्या नावावर सून, सुनेच्या नावावर पोरगी. वच्छीनं आईचं हिरवं लुगडं नेसलं. सकाळी मुकादम ‘रंभाबाई’ म्हणून पुकारायचा आणि ही पदर तोंडात धरून हसत हसत ‘हजर’ म्हणायची. दिवसभर बायका तिला सासूबाई म्हणून चिडवायच्या. दुपारी सुकडी मिळायची, त्यातली अर्धी ती आईसाठी पदरात बांधून न्यायची. बावीस दिवस ती रंभाबाई होती.

आणि शेवटच्या आठवड्यात जीपमधनं गोरे लोक आले होते, दुष्काळाचं चित्र घ्यायला. आम्हाला काय, हसायचं काम. बायका पदर सावरून उभ्या राहायच्या, ते हातानं ‘नको, काम करा’ म्हणायचे.

सुरुंगाच्या वेळी मी खडीच्या ढिगाच्या पलीकडं बसलो होतो. लाल निशाण दाखवलं, शिट्टी झाली, धुरळा उठला, मग एकदम आरडाओरडा. एक माणूस पळत गेला आणि म्हणाला, बाई गावली दगडाखाली. दुसरा म्हणाला, हिरव्या लुगड्याची. मी हे ऐकलं. हे मी पाच वर्षांत कुणाला सांगितलं नाही, स्वतःलाही नाही: मी ऐकलं. हातात हातोडा होता, आणि मी पुढचा दगड घेऊन फोडला. मला वाटलं, हिरवी लुगडी पन्नास असतील. मला वाटलं, आपण गेलो आणि तीच असली तर? तर साहेब येतील, नाव विचारतील, मस्टर काढतील, खोट्या नावावर काम केलं म्हणून गँगच्या गँग बंद करतील, मला धरून नेतील. हे सगळं तेव्हा माझ्या मनात आलं का मी नंतर रचलं, कुणास ठाऊक. माणूस नंतर स्वतःचा वकील होतोच. गेलो नाही एवढं खरं. मुकादमानं बाईला ट्रकमध्ये घातलं आणि तालुक्याला नेतो म्हणाला. दुपारनंतर सांगितलं की ती दुसऱ्या गँगमधली होती, लांबच्या गावची. मी मान हलवली. ज्या बायकांनी बघितलं असेल त्यांनीही तोंड उघडलं नाही; त्यांच्याही घरचं कुणीतरी दुसऱ्याच्या नावावर होतंच. मस्टरवर रंभाबाई होती, आणि रंभाबाई तर घरात ताप अंगावर घेऊन जिवंत होती. म्हणजे सरकारच्या हिशेबानं आमचं कुणीच मेलं नव्हतं.

गोऱ्यांची जीप त्याच दुपारी गेली होती. घरी जाताना वाटेत मला ती जीप सुचली. आईला मी सांगितलं, वच्छी पळाली, जीपवाल्यांबरोबर गेली. आईनं मला दोन थोबाडीत मारल्या, मग वच्छीला शिव्या दिल्या, आठ दिवस अन्न घेतलं नाही. गावात नाचक्की झाली. मामानं वच्छीचं नाव टाकलं. आणि मग हळूहळू आईनं त्या खोट्याला घर करून दिलं. ती म्हणायची, आगबोटीनं गेली आसंल. म्हणायची, तिकडं पाव खाऊन ऱ्हात्यात म्हणं, तिला पाव सोसतुया का न्हाय. मी तिला सोलापुरात आणल्यावर तर स्टेशनाकडं कुणी गोरा दिसला की ती रस्त्यात थांबून त्याच्या मागं कुणी बाई आहे का बघायची. मी बाजूला उभा राहून बिडी ओढायचो. थूत असल्या जिण्यावर.

महिपतीला काय माहीत होतं, मला माहीत नाही. त्या दिवशी तो सुकडीच्या गाडीबरोबर होता. पाच वर्षांत त्यानं मला कधी वच्छीचं विचारलं नाही, तिचं नावसुद्धा काढलं नाही. न विचारणं हेही विचारणंच असतं. सोमवारी सहाच्या खेळाला, नऊच्या खेळाला मी तिला पुन्हा बघितलं. प्रत्येक वेळी शिट्टी. एकदा कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, काय ॲक्टिंग करती राव! सगळे हसले. मला खाली उडी मारून त्याचा गळा धरावासा वाटला. पण त्याचं काय चुकलं? तो बघत तरी होता.

मंगळवारी सकाळी मी लवकर येऊन केबिनची कडी आतनं लावली, पाचवं रीळ काढलं आणि कापलं. धूळ उठते तिथनं जंगल येतं तिथपर्यंत. अकरा सेकंद, साडेसोळा फूट. ब्लेडनं कडा खरवडल्या, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावलं, जोड दाबला. आम्हा लोकांचं हे रोजचं आहे. फिल्म कुठं फाटली, तिच्या कडेची भोकं तुटली, की तेवढं कापायचं आणि जोडायचं, बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. पट्टी मी कागदात गुंडाळून खिशात घातली. त्या दिवशीच्या चारही खेळांत ती मेली नाही. एवढं एक तिच्यासाठी केलं असं मला वाटलं. खरं सांगतो, दोन घास बरे गेले त्या दिवशी.

बुधवारी सकाळी दहाला खास खेळ लावायचा, असं अण्णांनी मला मंगळवारी संध्याकाळीच सांगून ठेवलं होतं. कचेरीतले साहेब पिक्चर बघून ठरवणार, चालू ठेवायचा का सील करायचा. अण्णा म्हणाले, साहेबांना सांगायचं, सगळी ट्रिक आहे. बाहेर पोस्टरवर खरं आणि साहेबांपुढं खोटं, असा त्यांचा एकूण बेत. मी हो म्हटलं. अर्जात नेमकं काय लिहिलंय हे मी विचारलं नाही. मी कधी विचारतच नाही.

साहेब आले, एक वकील आले, मंडळाच्या चार-पाच बायका आल्या. पुढं उभी राहून बोलत होती ती महानंदा बाई म्हणून शाळेतली मास्तरीण, चष्मा लावलेली, बारीक आवाजाची. भोकातनं सगळं ऐकू येत होतं. ती म्हणाली, आमची तक्रार रेड्याची नाही साहेब, एका दृश्याची आहे. पाचव्या रिळात एक बाई दगडाखाली मरते. ते नाटक नाही. मी शनिवारी बघितलंय. ती परदेशातली नाही, तिचं लुगडं आपल्याकडच्या बायकांसारखं नेसलेलं आहे, कपाळाला गोंदण आहे, ओठांवरनं वाटतं, ती आपल्याच भाषेत काहीतरी बोलतेय. ती आपल्या जिल्ह्यातली कुणाची तरी मुलगी आहे. तिला शोधायला पाहिजे.

माझा हात खिशावर गेला. एका शनिवारच्या खेळात, एका तिऱ्हाईत बाईनं, अकरा सेकंदांत एवढं बघितलं होतं. आणि मी ते कापून खिशात घालून बसलो होतो. अजून वेळ होता. चौथं रीळ संपेपर्यंत सहज जोडता आलं असतं, अर्ध्या तासाचं कामही नाही. मी पट्टी बाहेर काढली, ब्लेड घेतलं, सिमेंटच्या बाटलीचं बूच काढलं. आणि जोडली तर साहेब विचारणार, ही कोण. महिपती खाली दारात उभा आहे. तो सांगेल, नाहीतर नाही सांगणार. मग मस्टर. मग आई. सिमेंटचा वास केबिनभर पसरला आणि मी तसाच बसून राहिलो. पाचवं रीळ चढवलं ते कापलेलंच. रेडा गेला, ऊन आलं, बांध आला, पाट्या घेतलेल्या बायका आल्या आणि लगेच जंगल. मग साहेबांनी बाईंना विचारलं, कुठाय तुमचं दृश्य? वकील कागद चाळायला लागले. बरोबरच्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. बाई म्हणाल्या, होतं. मी बघितलंय. तिसऱ्यांदा म्हणाल्या तेव्हा आवाज चिरकला त्यांचा.

साहेब माणूस सरळ असावा. त्यांनी मला खाली बोलावलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, यातलं काही काढलंय का.

"न्हाय साहेब," मी म्हणालो.

अण्णा माझ्याकडं बघून गालातल्या गालात हसले. त्यांना वाटलं, पोरानं टॉकीज वाचवली. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पिक्चर चालू ठेवायला हरकत नाही म्हणाले. सगळे उठले. जाता जाता महानंदा बाई माझ्यापाशी थांबल्या. हळू आवाजात म्हणाल्या, तुम्ही तरी बघितली असेल ना हो ती? मी म्हणालो, आम्ही पिक्चर बघत नसतो, बाई. त्यांनी मान हलवली. त्यांना बहुतेक वाटत होतं की आपल्याच डोक्यात काहीतरी बिघडलंय. माझ्यामुळं एक शहाणी बाई स्वतःला वेडी समजत घरी चालली होती. महिपती दाराचा पडदा धरून उभा होता. तो माझ्या बाजूला थुंकला. अंगावर नाही, पायापाशी.

अण्णांनी चहा मागवला होता, तो न पिता मी बाहेर पडलो. मॅटिनीला तासभर होता. ऊन रणरणत होतं, यंत्रमागांचा खडखडाट घराघरातनं येत होता, आणि मला सारखं वाटत होतं की खिशातली पट्टी गरम झालीय. वाटेत कालव्याच्या पुलावर मी थांबलो. टाकून द्यावी. टाकली की संपलं. तेव्हा मग वच्छी खरंच आगबोटीनं गेली, पाव खाते, सुखात आहे. टाकायला हात वर केला आणि लक्षात आलं, वच्छीचा एकही फोटो नाही जगात. जत्रेत काढू म्हणून राहिलाच. तिचं तोंड असलेली ही एवढीच वस्तू आहे. मी तिथंच कठड्याला टेकून रडलो. रस्त्यावरची माणसं बघत गेली. बघेनात का.

आई खोलीत रहाटावर कांड्या भरत होती. शेजारच्या मागवाल्याचं सूत ती घरी भरून देते. मला अवेळी बघून रहाट थांबवला आणि बरं न्हाय का म्हणाली. मी पट्टी उलगडून तिच्या हातात दिली. तिनं ती दाराच्या उजेडात धरली. लांबचं तिला कमी दिसतं, पण जवळचं अजून सुईत दोरा ओवते ती. बराच वेळ बघितलं. बोटानं एकेक चौकट सरकवली. मग खाली बसली.

"हितं तर लई वच्छ्या हायत," ती म्हणाली.

मी सांगितलं, एका सेकंदात चोवीस फोटो असतात, सगळी मिळून अकरा सेकंद आहेत. जीपवाल्यांनी काढलेत, तलावावर, त्या दिवशी. सुरुंगाच्या वेळी. एवढ्यानं तिला कळलं. तिनं मला मारलं नाही, ओरडली नाही. तिचा हात नुसता पट्टीवरनं फिरत राहिला, इकडनं तिकडं, तिकडनं इकडं. नंतर ती म्हणाली, ह्यातली मेलेली काप आन टाकून दे. जित्ती हाय तेवढी मला दे.

मी ब्लेड काढलं. ते खिशात तसंच राहिलं होतं. पट्टी उजेडाला धरली आणि शोधायला लागलो. पळतेय. वळतेय. धूळ. दगड. तोंड. तोंडावर आलो आणि एकेक चौकट बघत पुढं गेलो. ओठ मिटलेले, उघडलेले, मिटलेले, उघडलेले. डोळे कॅमेऱ्याकडं. पुढं गेलो. शेवटच्या चौकटीपर्यंत गेलो, जिथं मीच कापलं होतं. तिथंही ओठ उघडे होते आणि डोळे जागे.

"आई, ह्यात मेलेली न्हायच," मी म्हणालो. "शेवटपर्यंत बोलतीया."

"मजी जित्ती हुती."

"व्हय."

"आन त्यो कॅमेरावाला तिच्यापाशी हुता."

"व्हय."

"मग तू कुटं हुतास, भीमा?"

सगळं तोंडाशी आलं: मस्टर, मुकादम, पन्नास हिरवी लुगडी, तिचा ताप. सगळं खरं होतं आणि काही उपयोगाचं नव्हतं. मी म्हणालो, "तीस पावलांवर. ढिगाच्या पल्याड. हिरव्या लुगड्याची बाई गावली म्हणून मी ऐकलं, आन बगायला गेलो न्हाय. जीपचं मी रचलं."

पट्टी आईनं माझ्या हातातनं घेतली, बोटावर गुंडाळली आणि कनवटीला लावली. रहाट भिंतीकडं सरकवला. भरलेल्या कांड्या टोपलीत टाकल्या, वर फडकं घातलं. मला वाटलं ती आता आडवी होईल, भिंतीकडं तोंड करून, वच्छी गेली तेव्हासारखी. पण तिनं पदर डोक्यावरनं घेतला आणि कोपऱ्यातल्या चपला पायानं पुढं ओढल्या.

"चल, कचेरीत सायबाकडं जाऊ," ती म्हणाली. "रंभाबाई जित्ती हाय म्हून मी सांगती. तू काय सांगायचं ते आत्ता मला सांगितलंस, त्येच सांग."